दावा आणि वारसा

दोन वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबे नाशिकला सहलीस गेली होती. प्रस्तुत लेखक निवृत्त शिक्षक असून त्याला इतिहासाचा जुना नाद आहे, हे सर्वांस ठाऊक असल्याने वाटाड्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले. पंचवटीत गोदावरीच्या काठी सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी १७४७ साली बांधलेले रामेश्वराचे देऊळ आहे. त्याच्या तटावर दर्शनी बाजूस एक थोरली घंटा टांगलेली आहे. नाशिककर तिला ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतात. ती पोर्तुगीज घडणीची असून तिच्यावर १७२१ हे साल आहे. वसईच्या मोहिमेतील विजयाची खूण म्हणून ती येथे आली, असे सांगितले जाते. अशा घंटा महाराष्ट्रात आणखीही आहेत. वाईजवळ मेणवलीच्या घाटावरील घंटेवर १७०७ हे साल असून मारिया व बाळ येशू यांची आकृती आहे.

ही माहिती मी मोठ्या उत्साहाने सांगत होतो. तोच आमच्यातला एक महाविद्यालयीन तरुण म्हणाला, “सर, म्हणजे ही घंटा आपली. मग आपण ती परत का मागत नाही?”

मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिले आणि सर्वांना पुढे नेले. त्या मुलाचे समाधान झाले नाही. खरे म्हणजे माझेही झाले नाही. बेटेगावला परतल्यावर रात्री उशिरापर्यंत तो प्रश्न मनात घोळत राहिला. ‘आपली’ म्हणजे कोणाची? आणि इतिहासाच्या वाचनाने माणसाच्या हाती नेमके काय द्यावे?

हा प्रश्न एका घंटेपुरता नव्हे, हे सुज्ञ वाचकांस सांगणे न लगे. कोणती वास्तू मुळात कोणाची, कोणत्या गावाचे मूळ नाव काय, कोण येथला आणि कोण बाहेरचा, यांवरून आज न्यायालयांत आणि रस्त्यांवर वाद चालू आहेत. इतिहासाची पुस्तके पूर्वी कपाटात असत, ती आता दाव्याचे कागद म्हणून बाहेर काढली जातात. आपल्या समाजालाही अधूनमधून ‘पोर्तुगिजांचे उरलेसुरले’ म्हणून हिणवले जाते, आणि मग आपल्यातील काहींना त्याच भाषेत उत्तर देण्याचा मोह होतो. म्हणून आपल्या किनाऱ्याविषयी लिहिले गेलेले तीन मोठे ग्रंथ मी या एकाच प्रश्नासाठी पुन्हा वाचून काढले. ते वाचक हाती काय घेऊन उठतो, दावा की वारसा, एवढेच मला पाहायचे होते.

पहिला ग्रंथ ‘महिकावतीची बखर’. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ती १९२४ साली संपादून प्रसिद्ध केली. बखर एकहाती नाही. निरनिराळ्या काळी रचलेली प्रकरणे तीत एकत्र आली आहेत. केशवाचार्याच्या नावावर असलेला सर्वांत जुना भाग शके १३७० चा, म्हणजे इ. स. १४४८ च्या सुमाराचा आहे. बिंब राजा या प्रांतात कसा आला, त्याच्याबरोबर कोणती कुळे आली, कोणास कोणते गाव व कोणता मान मिळाला, याचा तपशील तीत आहे. महिकावती म्हणजे माहीम. आमच्या पालघरजवळचे केळवे-माहीम आणि मुंबईचे माहीम या दोहोंभोवती ही कथा फिरते. तिच्यातील कालगणनेविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

हा ग्रंथ वाचताना एक गोष्ट लक्षात येते. केशवाचार्य लिहीत होता तेव्हा बिंबांचे राज्य कधीच बुडाले होते आणि उत्तर कोकण गुजरातच्या सुलतानांच्या सत्तेखाली होते. राज्य गेले, तरी कुळांचा मान जाऊ नये, या तळमळीतून बखर जन्मली. ‘महाराष्ट्रधर्म’ हा शब्द तीत येतो, म्हणून तिचे मोल मोठे आहे. तथापि तिच्या गाभ्याशी कुळांची आणि वृत्तींची यादी आहे. यादीत ज्याचे नाव आहे त्याचा हक्क सिद्ध होतो. ज्याचे नाही, तो जणू या भूमीवर नव्हताच. राजवाड्यांची विस्तृत प्रस्तावना मला मूळ बखरीइतकीच मोलाची वाटते. राज्ये आली आणि गेली, तरी गावातला सामान्य माणूस त्याविषयी इतका उदासीन का राहिला, हा प्रश्न त्यांनी तीत पोटतिडकीने विचारला आहे. प्रश्न बिनतोड आहे. परंतु त्यात त्या सामान्य माणसावर ठपकाही आहे, आणि तो मला मान्य नाही. ज्याला कोणत्याही राज्याने आपल्या यादीत घेतले नाही, त्याने त्या राज्यासाठी अश्रू का गाळावेत?

दुसरा ग्रंथ आपल्या घरचा म्हणावा असा. डॉ. जोझे गेर्सन द कुन्या (१८४४–१९००) हे मूळचे गोव्याचे कॅथॉलिक. मुंबईत वैद्यकीय व्यवसाय करता करता त्यांनी नाणी, शिलालेख आणि जुने ग्रंथ यांचा व्यासंग केला. चौल आणि वसई यांच्या इतिहासावरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १८७६ साली निघाले. दुसऱ्याच वर्षी, १८७७ मध्ये, त्यांनी स्कंदपुराणातील ‘सह्याद्रिखंडा’ची संस्कृत संहिता संपादून प्रसिद्ध केली. एका कॅथॉलिक डॉक्टराने हिंदू पुराणाच्या हस्तलिखितांवर अशी मेहनत घ्यावी, ही गोष्ट आपल्या घरांतून सांगितली गेली पाहिजे. त्यांचा खरा वारसा मला या दोन ग्रंथांच्या शेजारपणात दिसतो.

वसईवरील पुस्तकाचे बळ त्यातील साधनांत आहे. पोर्तुगीज बखरकार त्यांनी मुळातून वाचले होते. किल्ल्यातील पडक्या ख्रिस्तमंदिरांत हिंडून त्यांनी थडग्यांवरचे लेख टिपून घेतले. त्यांतील काही आज झिजून गेले आहेत. १७३९ च्या मे महिन्यात वसई चिमाजी अप्पांच्या स्वाधीन झाली, त्या वेळच्या तहाची कलमेही ते देतात. किल्ल्यातील शिबंदीला मानाने बाहेर जाऊ द्यावे आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळू द्यावा, हे त्या तहात होते. आज आपण या किनाऱ्यावर आहोत, त्याची एक कायदेशीर सुरुवात विजेत्याने दिलेल्या या शब्दात आहे, ही गोष्ट घंटेचा हिशेब मांडताना विसरता येणार नाही.

पण या पुस्तकात एक उणीव आहे, आणि ती प्रेमापोटी आलेली आहे. लेखकाचे मन वसईच्या उमरावांच्या वाड्यांत, त्यांच्या मिरवणुकांत आणि नंतर त्यांच्या भग्नावशेषांत गुंतून राहते. पडकी कमान दिसली की त्यांची लेखणी हळवी होते. त्या उमरावांना गावे तोडून दिलेली होती आणि त्या गावांतला कुणबी, भंडारी, कोळी त्यांचा भरणा भरत होता, तो माणूस मात्र पुस्तकाच्या कडेलाच उभा राहतो. पोर्तुगीज अमलात हिंदूंच्या सार्वजनिक धर्मविधींवर निर्बंध होते. त्या जाचाने गांजून अंजूरच्या गंगाजी नाईकांसारखी माणसे पेशव्यांकडे दाद मागायला गेली, हे आपण आपल्या मुलांना सांगितलेच पाहिजे. वसईचे पतन हे काहींच्या घरी दुःख होते, तर त्याच दिवशी शेजारच्या घरी सुटका होती. गेर्सन द कुन्या वाचून उठलेला ख्रिस्ती वाचक हळहळतो. आणि हळहळ फार दिवस सांभाळली की तिचा दावा होतो. नाशिकच्या त्या तरुणाने हे पुस्तक वाचलेले नव्हते, पण त्याच्या प्रश्नात याच हळहळीचा पडसाद होता.

तिसरा ग्रंथ म्हणजे मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे ठाणे जिल्ह्याचे खंड. १८८२ साली जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली ते निघाले. ना कुळाचा अभिमान, ना पडक्या वाड्यांचा शोक. सरकारला कारभार करायचा होता, त्यासाठी केलेली ही मोजदाद. जमीन कोणती, भात किती, ताडाची झाडे कोठे, होड्या कोणत्या, कोणती जात कोणता धंदा करते, असा हा रुक्ष कारभार आहे. लेखणी परक्या राज्यकर्त्याची आहे आणि जातीजमातींविषयीचे तिचे शेरे पुष्कळदा उर्मट आहेत. तरीही मला कबूल केले पाहिजे की, माझ्या आजोबा-पणजोबांसारखी माणसे काय पिकवीत, काय खात, काय नेसत, हे मला प्रथम या सरकारी ग्रंथात भेटले. येथील ख्रिस्ती लोक बव्हंशी याच मातीतल्या जातीजमातींतून आलेले आहेत, हेही त्यात सरळ नोंदलेले आहे. ज्याला आपल्याविषयी प्रेम नव्हते त्याने आपले नांगर मोजले, आणि ज्यांना प्रेम होते ते राजांच्या गोष्टी सांगत राहिले. असा हा विचित्र न्याय!

पुस्तके खाली ठेवून मी पायांनी वाचायचे ठरविले. बेटेगाव हे त्यासाठी सोयीचे ठिकाण. बोईसरहून चिल्हारकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचे गाव. पश्चिमेला तारापूरचा समुद्र, पूर्वेला महामार्ग आणि त्यापलीकडे अशेरीचा डोंगर.

तारापूरचा किल्ला १७३९ च्या जानेवारीत मराठ्यांनी घेतला. त्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर हा पेशव्यांचा जिवलग सरदार पडला. पुढे हा किल्ला विकाजी मेहेरजी या पारशी घराण्याकडे इनामाने गेला. पोर्तुगीज तट, मराठ्यांचे रक्त आणि पारशी इनाम, असा एका भिंतीचा हिशेब. हा किल्ला ‘कोणाचा’ असे विचारले तर उत्तर कोठून सुरू करावे? तटाखालून आजही रोज माणसे मासळीच्या पाट्या घेऊन जातात. त्यांना हा प्रश्न पडलेला मला दिसला नाही.

अशेरी चढायला मला सोबत लागली. वयोमानाप्रमाणे गुडघे कुरकुरतात. पायथ्याच्या पाड्यावरील एक वारली तरुण वाट दाखवायला आला. वर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, देवीची गुहा आहे आणि पोर्तुगीज राजचिन्ह कोरलेला एक दगड आहे. मी त्या दगडाजवळ बराच वेळ थांबलो, मापे घेतली, वहीत चित्र काढले. तो तरुण शांतपणे टाक्याच्या काठी बसून होता. मग त्याने सहज विचारले, “या दगडाचं लिहून घेता, पण हे पाणी कोणी खोदलं ते लिहिलंय का कुठं?”

माझ्या तिन्ही ग्रंथांवरचा याहून मार्मिक अभिप्राय मी ऐकलेला नाही. टाके खोदणाऱ्याचे नाव बखरीत नाही, गेर्सन द कुन्यांच्या पुस्तकात नाही, गॅझेटियरात नाही. राजचिन्हाने कधी कोणाची तहान भागली नाही. पाणी मात्र अजून आहे आणि आम्ही दोघेही ते प्यालो.

येथून वर्तमानाकडे वळणे भाग आहे. कारण आमच्या भागात इतिहास अजून घडतो आहे, आणि पुष्कळदा तो जमिनीच्या मोजणीपासून सुरू होतो. देशातील पहिले अणुवीज केंद्र तारापूरला १९६९ साली सुरू झाले. त्याच्या पुढच्या दोन अणुभट्ट्या २००५ आणि २००६ मध्ये कार्यान्वित झाल्या. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली आणि त्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न वर्षानुवर्षे गाजत राहिले. मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या ५०८ किलोमीटरच्या मार्गावरील बारा स्थानकांपैकी बोईसरचे स्थानक आमच्या बेटेगावाच्या परिसरातच आहे. डहाणू तालुक्यातील वाढवणच्या बंदराची गोष्ट तर वाचकांस ठाऊकच आहे. १९९१ साली केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला. पुढे नेमलेल्या प्राधिकरणाने १९९८ मध्ये बंदराचा पहिला प्रस्ताव नाकारला. त्याच प्राधिकरणाने २०२३ मध्ये नव्या प्रस्तावाला संमती दिली. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या प्रकल्पास मंजुरी दिली आणि त्याच वर्षी ३० ऑगस्टला पालघर येथे पायाभरणी झाली.

बंदर व्हावे की न व्हावे, हा निवाडा या लेखाचा विषय नव्हे. रोजगाराची गरज खरी आहे; बोईसरच्या कारखान्यांवर आपल्यातील शेकडो कुटुंबे उभी राहिली, हेही खरे. पण एक विसंगती मला स्वस्थ बसू देत नाही. १७३९ साली गेलेल्या घंटेविषयी आपल्यात तावातावाने बोलणारे आहेत. आपल्या डोळ्यांदेखत जाणाऱ्या खाजणांविषयी, मासेमारीच्या जागांविषयी आणि पाड्यांविषयी आपल्या सभांतून क्वचितच शब्द निघतो. ते मांगेले, ते वारली, बहुतांशी आपल्या धर्मग्रामाचे नाहीत, म्हणून? मेलेल्या दाव्यांसाठी आपला आवाज मोठा, आणि जिवंत दाव्यांच्या वेळी आपण मुके! इतिहासाच्या नादाने मनुष्य असा वागत असेल, तर त्या नादात काहीतरी चुकले आहे.

हा ठपका प्रथम माझ्यावरच येतो. मी राहतो ती इमारत दहा-बारा वर्षांपूर्वी शेतावर उभी राहिली. वसईच्या तहाची कलमे मला क्रमाने पाठ आहेत. परंतु माझ्या घराखालच्या शेताचे नाव काय होते, हे मला ठाऊक नव्हते. सहल आटोपून आल्यानंतरच्या पावसाळ्यात, आमच्या फाटकापाशी रानभाज्या विकायला बसणाऱ्या एका आदिवासी आजीला मी ते विचारले. तिने आधी माझ्याकडे संशयाने पाहिले. जमिनीविषयी विचारणारा पांढरपेशा माणूस बहुधा चांगल्या कामाचा नसतो, हे तिला अनुभवाने माहीत असणार. मग हळूहळू ती सांगू लागली. या बाजूच्या खाचराचे नाव एक, ओढ्याकडच्या तुकड्याचे दुसरे, जिथे आता गाड्या उभ्या राहतात तिथल्या झाडाचे तिसरे. सात-आठ नावे मी वहीत उतरवून घेतली. उठताना ती म्हणाली, “माझ्या नातवांना पण ठावं नाय.”

पवित्र शास्त्रातील नाबोथाची कथा आपण सर्वांनी मिस्सात ऐकली आहे. आहाब राजाला राजवाड्यालगतचा त्याचा द्राक्षमळा हवा होता. राजा मोबदला द्यायला तयार होता. नाबोथाने वाडवडिलांचा वारसा म्हणून नकार दिला आणि त्यासाठी त्याचा जीव घेतला गेला. मला या कथेचे महत्त्व आता आणखी एका कारणाने वाटते. ती ज्या ग्रंथात आली आहे त्याचे नावच ‘राजे’. त्यात राजांच्या कारकिर्दी आहेत, लढाया आहेत, राजवाडे आहेत. तरीही त्या ग्रंथाच्या कर्त्याने एका साध्या मळेकऱ्याचे नाव आणि त्याच्या मळ्याचे ठिकाण टिपून ठेवले. आणि संदेष्टा एलिया राजापुढे उभा राहिला तो त्या एका नावासाठी. आपल्या किनाऱ्याच्या तिन्ही ग्रंथांना मी याच कसोटीवर लावतो. बखरीने कुळे राखली, गेर्सन द कुन्यांनी थडगी राखली, गॅझेटियरने आकडे राखले. नाबोथ कोणीच राखला नाही.

म्हणून या ग्रंथांची योग्यता कमी होत नाही. तिन्ही वाचावेत, आणि शक्य तर शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. म्हणजे एकाचा अभिमान दुसऱ्याने उतरतो आणि दुसऱ्याची हळहळ तिसऱ्याने. केवळ एकच ग्रंथ वाचणारा वाचक बहुधा दावेदार होतो. तिन्ही वाचणाऱ्याला कळते की आपण पुष्कळांचे देणे लागतो: टाके खोदणाऱ्याचे, तहात दिलेला शब्द पाळणाऱ्याचे, शेताला नाव देणाऱ्याचे. वारसदाराला मालमत्तेबरोबर देणेही घ्यावे लागते, हा तर साधा व्यवहार आहे.

चौथा ग्रंथ अजून लिहिला गेलेला नाही आणि तो कोणा एका विद्वानाने लिहायचा नाही. प्रत्येक धर्मग्रामात एक वही ठेवावी, एवढीच माझी सूचना आहे. वसई धर्मप्रांत १९९८ साली स्थापन झाला, पालघर जिल्हा २०१४ साली. दोन्ही अजून तरुण आहेत. बाप्तिस्म्याच्या नोंदी आपण किती निगुतीने जपतो! तशाच निगुतीने गावातील शेतांची, ओढ्यांची, विहिरींची, खाजणांची नावे आणि उठलेल्या पाड्यांतील वडीलधाऱ्यांच्या आठवणी लिहून घ्याव्यात. सांगणारा कोणत्या धर्माचा, हे विचारू नये. महाविद्यालयीन मुलांनी सुट्टीत हे काम घ्यावे. कोठे एखाद्याच्या हक्कावर गदा येत असेल, तर अशी वही त्याच्या उपयोगी पडेल. तसे झाले नाही, तरी नातवंडांना निदान नावे तरी ठाऊक राहतील.

मागच्या महिन्यात तो नाशिकचा तरुण घरी आला होता. मी त्याला माझी वही दाखविली आणि त्याच्या प्रश्नाचे राहिलेले उत्तर दिले. घंटा आहे तिथेच असू दे. ती जिथून आली तिथली माणसे कोण होती, ती कोणासाठी वाजत होती आणि आज कोणासाठी वाजते, हे मात्र आपल्याला सांगता आले पाहिजे. त्याने वही चाळली. मग विचारले, “सर, ती आजी अजून बसते का फाटकापाशी?”

मी म्हणालो, “शनिवारी ये. पेन घेऊन ये.”